खोट आधी, भाव नंतर : आमची वाटचाल

चिपळूणला जुन्या घरगुती सामानाच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय आम्ही उभयतांनी 2017 साली सुरू केला, तेव्हा नातेवाइकांनी त्याला एकच नाव दिले, ते म्हणजे भंगार. लग्नकार्यात कुणी आमची चौकशी केली की मी तोंड उघडण्याआधीच शेजारचे कुणीतरी 'यांनी भंगाराचं दुकान टाकलंय' असे सांगून मोकळे होत असे. भंगारवाला वस्तूचे वजन करतो, आम्ही तिचे वय, तिची खोट आणि तिचे उरलेले आयुष्य पाहतो, हा फरक समजावण्यात माझी पहिली चार वर्षे गेली, आणि काहींना तो आजही पटलेला नाही.

सुरुवात घरातूनच झाली. गुहागर तालुक्यातील सासऱ्यांचे घर तिघा भावांनी मिळून विकायचे ठरवले, आणि माळा रिकामा करताना चार पितळी घंगाळे, तांब्याचा एक बंब, सासूबाईंच्या माहेरचे नाव घातलेली तपेली आणि पितळी कड्यांचा झोपाळा निघाला. मोडवाल्याने सगळ्याला किलोचा भाव लावला. माझ्या यजमानांनी त्यातले एक घंगाळ अंगणात ठेवून फोटो काढला आणि ओएलएक्सवर जाहिरात टाकली. तीन दिवसांत पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने मोडीच्या अडीचपट रक्कम देऊन ते नेले. त्यांना त्यात पाणी भरून दिवाणखान्यात फुले सोडायची होती. कोकणात अशी बंद घरे गावोगाव आहेत आणि त्यांतील वस्तूंची किंमत गावात कळत नाही, ती पुण्या-मुंबईच्या माणसाला कळते, हे त्या एका व्यवहाराने आम्हांला शिकवले.

आमचे पहिले भागीदार म्हणजे मेस्त्रीकाका. त्यांनी पैसा घातला नाही, हात घातला. त्यांच्या पेटीत रंधा, तीन मापांच्या पटाश्या, लाखेची पूड, स्पिरिटची बाटली आणि सुती कापडाचे बोळे असत, आणि फ्रेंच पॉलिशचा एक हात वाळल्याशिवाय ते दुसऱ्या हाताला बोळा उचलू देत नसत. पितळ तपासण्यासाठी त्यांनी मला एक चुंबक दिला होता. पितळेला चुंबक चिकटत नाही, चिकटला तर वरून मुलामा आणि आत लोखंड, एवढी ती परीक्षा. तो चुंबक आजही माझ्या पर्समध्ये असतो. जुने पितळ फोटोआधी चिंच-मिठाने घासून लखलखीत करू नये, हेही त्यांचेच सांगणे. जाणत्या गिऱ्हाइकाला वस्तूवर चढलेला काळसर रंग हवा असतो, आणि घासायचे की नाही हे त्याला ठरवू द्यावे.

लाकूड आणि पितळ यांवरून आम्ही फ्रिज आणि वॉशिंग मशीनकडे वळलो, कारण रोजची मागणी त्यांनाच होती. फेसबुक मार्केटप्लेसवरही जाहिराती जाऊ लागल्या. गोव्याहून विचारणा येऊ लागल्यावर परराज्यात माल पाठवण्यासाठी जीएसटीची नोंदणी केली. जुन्या वस्तूच्या व्यापाऱ्याने खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नाही, तर त्याला पूर्ण विक्रीवर नव्हे, तर खरेदी-विक्रीतील फरकावर कर भरता येतो. ही तरतूद या धंद्यातील निम्म्या लोकांना ठाऊक नसते, म्हणून येथे मुद्दाम लिहिली.

22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी शहरात शिरले. मेस्त्रीकाकांनी 26 जुलै 2005 चा पूर पाहिला होता आणि त्याची खूण आमच्या गोदामाच्या भिंतीवर कोळशाने ओढून ठेवली होती. सगळा माल आम्ही त्या खुणेच्या हातभर वर ठेवत असू, त्यामुळे निर्धास्त होतो. या वेळी पाणी ती खूण ओलांडून माळ्याच्या फळ्यांना लागले. दोन दिवसांनी शटर उघडले तेव्हा रिकामे फ्रिज तरंगून उलटेपालटे पडले होते, आणि एक तर लोखंडी कपाटावर आडवा जाऊन बसला होता. प्लायवूडची कपाटे तळाशी फुगून उकलली होती. सागवानी सामान मेस्त्रीकाकांनी वाचवले. लोक उन्हाची तिरीप दिसताच सामान बाहेर काढत होते, तर काकांनी आमचे सामान सावलीत, विटांवर ठेवून, तीन आठवडे वाळवले, कारण भिजलेले लाकूड उन्हात तडकते. अकरा फ्रिज आणि सात वॉशिंग मशीन मात्र आम्ही वजनावर देऊन टाकली. विमा नव्हता. चार लाख साठ हजारांचा माल गेला, आणि मला भंगारवाली म्हणणाऱ्यांपैकी एकही चिखल काढायला आला नाही.

पुरातून आम्ही सावरलो असतो. पण त्यानंतर जे झाले त्याने आम्हांला खरे खाली बसवले.

एक व्यापारी दोन वर्षे आमच्याकडून माल नेत असे. त्याचे नाव मी लिहिणार नाही. पाणी ओसरल्यावर पाचव्या दिवशी तो टेम्पो घेऊन शहरात आला आणि घराघरांतून चिखलाने भरलेले फ्रिज आणि मशीन तीनशे-पाचशे रुपयांना उचलू लागला. लोक बिचारे जागा मोकळी होते म्हणून देत होते. त्याने ते पंपाच्या पाण्याने धुतले, आत कापूर ठेवून वास घालवला आणि 'चिपळूण, एका हातचा वापर, उत्तम स्थिती' अशा जाहिराती टाकल्या. त्यांतील कित्येक जाहिरातींना फोटो आमचे होते, पुरापूर्वी आमच्या ओटीवर काढलेले, मागे माझी तुळस दिसणारे. महिनाभरात यंत्रांच्या मोटारी जळू लागल्या, दारांच्या रबरातून चिखल निघू लागला आणि लोक फोटो ओळखून आमच्या नावाने ओरडू लागले. तक्रारी वाढल्यावर एका संकेतस्थळाने आमचेच खाते बंद केले. सदतीस जाहिराती, चार वर्षांचे शेरे, सगळे एका रात्रीत गेले. फोटो आमचेच असल्याचे पुरावे मी नऊ वेळा पाठवले, आणि दर वेळी छापील साच्यातील तेच उत्तर आले.

त्या वर्षी गणेश चतुर्थी 10 सप्टेंबरला होती. गौरी-गणपतीला चाकरमानी येतात, बंद घरे उघडतात, आणि त्याआधीचे तीन आठवडे म्हणजे आमच्या वर्षाची कमाई. त्या तीन आठवड्यांत आमचा एकही फ्रिज विकला गेला नाही. नव्या खात्यावरून जाहिरात टाकली की 'अजून आहे का?', पाठोपाठ 'कुठला माल?', आणि चिपळूण म्हटले की समोरचा गप्प. आम्ही माल रत्नागिरी आणि दापोलीहून आणला होता, पण ते ऐकायला कुणी थांबत नव्हते. दुकान बंद करायचे, असे आमच्या दोघांचे बोलणेही झाले होते.

अशा वेळी गुहागरच्या काकूंचा फोन आला. त्यांचे पर्यटकांसाठी तीन खोल्यांचे घर आहे आणि पहिल्या वर्षापासून त्या आमच्या गिऱ्हाईक. त्या म्हणाल्या, "अगो, मला दोन फ्रिज नि एक मशीन हवं. चिपळूणचं नको म्हणतायत ना सगळे, म्हणून तुझ्याकडनंच घेत्ये. पण मागचा पत्रा माझ्यासमोर उघडायचा." वस्तू न पाहता त्यांनी दहा हजारांचा विसार पाठवला. सुमारे 45 किलोमीटर टेम्पोने सामान नेऊन आम्ही ते त्यांच्या पडवीत उतरवले आणि पत्रा उघडला. काकूंनी चष्मा लावून, कॉम्प्रेसरखालच्या ट्रेमध्ये बोट फिरवून पाहिले. बोटाला धूळ लागली, गाळ लागला नाही. मग त्यांनी पर्समधून दहाची नोट काढली, फ्रिजच्या दारात अडकवून दार लावले आणि ओढली. नोट सुटेना. "रबर चांगलं आहे," एवढेच त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

परतीच्या वाटेवर मी यजमानांना म्हटले, काकूंनी पडवीत जे पाहिले तेच सगळ्यांना फोटोत दाखवू. तेव्हापासून आमच्या प्रत्येक यंत्राचे सात फोटो असतात: समोरून, मागचा पत्रा काढून, कॉम्प्रेसर आणि ट्रे, दारात अडकवलेली नोट, अनुक्रमांकाचे लेबल, मापाची टेप लावून, आणि सातवा त्या वस्तूच्या खोटीचा, जवळून. मजकुरात पहिले वाक्य खोटीचे, भाव सर्वांत शेवटी. 'उजव्या कोपऱ्यात गंज आहे, खाऱ्या हवेने आला आहे, आतपर्यंत गेलेला नाही' असे लिहिले की फुकट वेळ घालवणारे गळतात आणि उरलेले गिऱ्हाईक घासाघीस कमी करते. दिवाळीपर्यंत नव्या खात्यावरून चौदा यंत्रे गेली. पुढची वर्षे नीट चालली, त्यांविषयी वेगळे लिहिण्यासारखे काही नाही.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना काही गोष्टी सांगते. फ्रिज उभाच न्यावा. आडवा न्यावाच लागला, तर पोचल्यावर काही तास उभा ठेवून मग सुरू करावा, कारण कॉम्प्रेसरचे तेल नळ्यांत गेलेले असते. फ्रिज विकत घ्यायला जाल तेव्हा तो बंद ठेवायला सांगा आणि तुमच्यासमोर सुरू करून घ्या. आधीच गार केलेल्या फ्रिजवरून काहीच कळत नाही. कपाट घेणाऱ्याला त्याच्या घराच्या दाराचे आणि जिन्याच्या वळणाचे माप विचारा, तो विसरलेला असतो. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या घेऊन वाशीला गेलेले टेम्पो रिकामे परततात. मुंबईकडील खरेदी त्या दिवसांत उरका, भाडे निम्म्यावर येते. 'सैन्यात आहे, बदली झाली, क्यूआर कोड पाठवतो' असे म्हणणाऱ्याशी एक शब्दही बोलू नका. पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, तो टाकला की पैसे जातातच. आणि कुणी जुनी मूर्ती किंवा कोरीव काम घेऊन आले, तर हात लावू नका. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करायला 1972 च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. आमच्याकडे तो नाही, म्हणून आम्ही अशी माणसे दारातूनच परत पाठवतो, समोर कितीही नफा दिसला तरी.

मेस्त्रीकाका आता थकले आहेत. पॉलिशचे काम त्यांचा पुतण्या करतो, आणि काका खुर्चीत बसून त्याचा बोळा पाहतात. काकूंच्या तीन खोल्यांच्या पाच झाल्या, आणि पाचही फ्रिज आमच्याकडचे आहेत.

त्या व्यापाऱ्याचा धंदा अजून चालू आहे. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने त्याची जाहिरात मला पाठवून भाव विचारला. फोटो या वेळी त्याचे स्वतःचे होते, पण मजकूर माझा होता. 'दारात नोट अडकवून ओढून पाहिली आहे' हे वाक्य त्याने जसेच्या तसे घेतले होते. मी ते पाचही फोटो मोठे करून पाहिले. नोट एकातही नव्हती, आणि मागचा पत्रा काढलेला नव्हता.