फ्लॅश पेटेना! स्टुडिओ लायटिंग शिकतानाचा माझा अनुभव

पोर्ट्रेटसाठी स्टुडिओ लाइट लावायला शिकणं लोक सांगतात तितकं अवघड नाही. लाइट कुठे ठेवायचा, किती उंच, उजेड मऊ करायला छत्री लावायची की सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड असलेली पेटी), हे मला घरच्या घरी, सुट्टीच्या दिवशी जमत गेलं. माझा सगळा वेळ खाल्ला तो लाइट न पेटण्यानेच. तो राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे त्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

सुरुवात शनिवार-रविवारच्या एका कार्यशाळेने झाली. आम्ही वीसेक जण, एक स्ट्रोब, म्हणजे स्टुडिओचा मोठा फ्लॅश, त्याला सॉफ्टबॉक्स, समोर स्टुलावर मॉडेल. सरांनी सगळ्यांना एकच सेटिंग दिलं: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, शटर 1/125 सेकंद, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ 8. का, ते सांगितलं नाही. ट्रिगर एकच होता. ट्रिगर म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत, हॉट शूमध्ये, बसवायची छोटी डबी. तुम्ही बटण दाबलं की ती रेडिओ लहरींनी स्ट्रोबला पेटायला सांगते. डबी एकाच्या कॅमेऱ्यावरून काढून दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर लावायची, अशी रांग.

माझा नंबर आला. क्लिक केलं, फोटो काळाकुट्ट. परत क्लिक, परत काळा. सर म्हणाले, "डबी नीट आत सरकवा." सरकवली. "बॅटरी बदला." बदलली. मग डबी पुढच्या मुलाच्या कॅमेऱ्यावर लावली आणि पहिल्याच फटक्यात भक्कन फ्लॅश पेटला. निकाल लागला: "मॅडम, तुमच्या कॅमेऱ्याचा हॉट शू गेलाय." उरलेली कार्यशाळा मी दुसऱ्यांसाठी रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परत फेकणारा पडदा, धरून उभी. (रिफ्लेक्टर धरताना मॉडेलच्या गालावरची सावली कशी भरते ते अगदी जवळून दिसतं. फी भरून मिळालेलं तेवढंच शिक्षण.)

कॅमेरा नवाकोरा, वॉरंटीत. तो घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही. टोकन घेतलं, फॉर्म भरला. 'तक्रारीचं स्वरूप' या रकान्यात जागा एका ओळीची. 'बाहेरचा फ्लॅश पेटत नाही' एवढंच मावलं. कोणता फ्लॅश, कशाने पेटवायचा, हे विचारायला तिथे रकानाच नव्हता. काउंटरवरच्या मुलीने पावती दिली आणि फोन येईल म्हणाली.

फोन आला नाही. मीच करत राहिले. "टेक्निशियनकडे आहे." "रिपोर्ट यायचाय." "ते सर आज रजेवर आहेत." डोंबिवलीहून ऑफिसला जाताना लोकलमध्ये रोज तोच नंबर लावायचा आणि तेच संगीत ऐकायचं. शेवटी कॅमेरा परत मिळाला तो एका कागदासकट: 'तपासणीत दोष आढळला नाही.' वर, सेन्सर साफ करून दिलाय म्हणे. मी तो साफ करायला सांगितलाच नव्हता!

मी विचारलं, "तपासलं कशाने?"
"आमच्याच कंपनीचा फ्लॅश लावून. व्यवस्थित पेटतो."
"पण मला ट्रिगर लावायचाय."
"दुसऱ्या कंपनीची वस्तू आम्ही तपासत नाही, मॅडम."

म्हणजे सरांच्या मते कॅमेरा बिघडलेला, सर्व्हिस सेंटरच्या मते ठणठणीत, आणि फोटो मात्र काळा. मी पुन्हा फॉर्म भरला, या वेळी सोबत चिठ्ठी जोडून. पुन्हा तोच कागद आला. तारीख तेवढी बदललेली.

गुंता सुटला तो फोर्टातल्या बोरा बाजारात. फोटोग्राफीचं सामान घेणाऱ्यांना सीएसएमटीजवळची ही गल्ली माहीत असेलच. दुसरा ट्रिगर घेऊन बघावा म्हणून एका दुकानात शिरले. दुकानातल्या काकांनी कॅमेरा सुरूसुद्धा केला नाही. ट्यूबलाइटखाली तिरका धरून हॉट शूमध्ये डोकावले आणि म्हणाले, "याला मधली पिनच नाही की."

झालं होतं असं. हॉट शूच्या मधोमध एक गोल धातूचा ठिपका असतो. शटर पूर्ण उघडलं की तिथून 'पेट' असा इशारा जातो. वर्षानुवर्षं जवळपास सगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत तो त्याच जागी असतो, म्हणून तर साधा ट्रिगर कुठल्याही कॅमेऱ्यावर चालतो. पण अलीकडच्या काही स्वस्त मॉडेलांत कंपनीने हा मधला ठिपका दिलेलाच नाही. बाजूच्या बारीक पिना आहेत, आणि त्या कंपनीचा स्वतःचा फ्लॅश त्यांच्यावर चालतो. जे बसवलंच नाही ते बिघडणार कसं? सर्व्हिस सेंटरचा कागद अक्षरशः खरा होता, याचाच मला जास्त संताप आला. वीस जणांत आणि दोन काउंटरांवर एकानेही त्या खाचेत डोळ्यांनी बघितलं नव्हतं.

तुमचाही फोटो असाच काळा येत असेल तर आधी खाचेत बघा. मधला ठिपका नसेल तर दोन वाटा आहेत. एक, तुमच्याच ब्रँडच्या कॅमेऱ्यासाठी बनवलेला, बाजूच्या पिनांनी बोलणारा टीटीएल (फ्लॅशचा उजेड आपोआप ठरवणारा) ट्रिगर घ्या. मात्र दुकानात आपल्या कॅमेऱ्यावर लावून, फ्लॅश पेटवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसरी वाट फुकटची. बहुतेक स्ट्रोबवर ऑप्टिकल स्लेव्हची सोय असते: दुसरा फ्लॅश दिसला की तो आपोआप पेटतो. कॅमेऱ्याचा पॉप-अप फ्लॅश मेनूतून मॅन्युअलवर आणि सगळ्यात कमी पॉवरवर ठेवायचा, पुढे पुठ्ठ्याचा तुकडा असा तिरका धरायचा की तो उजेड चेहऱ्यावर न पडता स्ट्रोबकडे जाईल. मॅन्युअल का, तर ऑटोमध्ये खऱ्या फ्लॅशच्या आधी एक बारीक प्री-फ्लॅश पडतो. स्ट्रोब त्यालाच भुलून आधी पेटतो, आणि शटर उघडेपर्यंत त्याचा उजेड संपलेला असतो. काही स्ट्रोबवर एस 1 आणि एस 2 असे दोन मोड असतात. एस 2 प्री-फ्लॅश सोडून देतो. मी आधी या फुकटच्या वाटेने शिकले, ट्रिगर नंतर घेतला.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. सरांनी न सांगितलेलं 'का' पहिल्याच दुपारी कळलं. फ्लॅश सेकंदाच्या इतक्या छोट्या तुकड्यात संपतो की शटर 1/60 ठेवा किंवा 1/125, त्याचा उजेड तेवढाच येतो. शटरने खोलीतला उजेड कमीजास्त होतो, फ्लॅशचा उजेड अॅपर्चरने नाहीतर पॉवरने. सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सगळ्यात जलद शटरच्या (साधारण 1/200), वर गेलात तर फोटोत काळा पट्टा येतो, कारण शटरचा दुसरा पडदा वाटेत आलेला असतो.

माझी खोली दहा बाय बाराची, भिंती पांढऱ्या. तरी मागची भिंत काळपट आणता येते. लाइट चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि भिंत चेहऱ्याच्या मागे एक मीटर असेल, तर भिंतीवर चेहऱ्याच्या चौथा हिस्सा उजेड पडतो. लाइट अर्ध्या मीटरवर आणला की जेमतेम नववा. मागे लावायला काळा पडदा विकत घ्यायच्या आधी हे करून बघा. पांढऱ्या भिंतीवरून उलटून येणारा उजेड सावल्या पुसून टाकतो. त्या बाजूला काळी चादर टांगा.

सॉफ्टबॉक्स 60 बाय 90 सेंटिमीटरचा असेल तर तो चेहऱ्यापासून मीटरभरावर ठेवा. लांब नेलात की तोच सॉफ्टबॉक्स कडक सावली पाडायला लागतो. लाइट डोळ्यांच्या वर आणि साधारण पंचेचाळीस अंश बाजूला ठेवला, मग हळूहळू आणखी बाजूला सरकवत नेला, की नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळते आणि पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरतो. यालाच रेम्ब्राँ लायटिंग म्हणतात. मी ते पार्लरचा कोर्स करणाऱ्या मुली वापरतात त्या डमी डोक्यावर शिकले. डमी कंटाळत नाही, "झालं का?" विचारत नाही.

स्टँडला पाण्याचा पाच लिटरचा भरलेला कॅन अडकवा, हे आधीच लिहायला हवं होतं. स्ट्रोब वर चढवला की स्टँड डोकेजड होतो, आणि घरात पंखा असतो, लहान मुलं असतात. मिररलेस कॅमेरा असेल तर एक्स्पोजर प्रीव्ह्यू (फोटो किती उजळ येईल ते स्क्रीनवर आधीच दाखवणारी सोय; तिला फ्लॅशचा उजेड कळत नाही) बंद करा, नाहीतर एफ 8 ला स्क्रीनवर काहीच दिसणार नाही आणि तुम्हीही सर्व्हिस सेंटरला जाल.

आत्याचा फोटो काढताना चष्म्यात सॉफ्टबॉक्सचे दोन पांढरे चौकोन दिसत होते. लाइट आणखी वर घेतला, चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचलल्या म्हणजे काचा खाली झुकतात, आणि हनुवटी जराशी खाली घ्यायला लावली. चौकोन गेले. फोटो आत्याला आवडला; फक्त साडीचा रंग नीट आला नाही म्हणाली. तो व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे उजेडाचा रंग कोणता ते कॅमेऱ्याला सांगण्याचा, विषय. स्ट्रोबसाठी फ्लॅशचं सेटिंग ठेवा आणि खोलीतला पिवळा दिवा बंद करा.