छोट्या दुकानातून भेटवस्तू घ्यायच्यात? मग आत्ताच जा

‘सणाच्या भेटवस्तू यंदा ऑनलाइन किंवा मोठ्या साखळी दुकानांतून न घेता एखाद्या छोट्या, स्वतंत्र दुकानातून घ्यायच्या आहेत. दुकानदाराला खरंच उपयोग होईल असं काय करू?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न बहुतेक जण सणाच्या आठवड्यात विचारतात, आणि तोवर उशीर झालेला असतो.

छोट्या दुकानाचं भांडवल मालात अडकतं, खरी अडचण ही. घाऊक व्यापारी सुटा नग देत नाही. डझन घ्या, नाहीतर पेटी उचला. विक्रीच्या किमतीत एक तृतीयांश नफा धरला, तर बारापैकी आठ नग विकल्यावर फक्त मालाचे पैसे सुटतात. भाडं, वीज, पगार आणि घरी न्यायचं जे काही, ते सगळं शेवटच्या चार नगांत. तेच चार सण उलटल्यावर फळीवर पडून राहतात. म्हणून दीड-दोन महिने आधी ‘मला यातले पाच लागतील’ असं सांगून आगाऊ रक्कम देणारं गिऱ्हाईक दुकानाला हवंहवंसं असतं. ऐन गर्दीत येऊन एक नग घेणाऱ्यापेक्षा तर नक्कीच. नुसतं तोंडी सांगून मात्र उपयोग नाही. नग, रंग, तारीख आणि दिलेली रक्कम पावतीवर लिहून घ्या.

हातानं बनणाऱ्या वस्तूंना तर लवकर सांगण्यावाचून इलाजच नाही. नाव कोरलेला मातीचा मग घ्या. चाकावर घडवणं काही मिनिटांचं काम. पण नंतर तो सावकाश वाळावा लागतो, त्याला आठवडाभरही लागतो. घाईनं वाळवला की कानाच्या जोडावर तडा जातो. मग पहिली भाजणी, त्यावर झिलई, मग दुसरी भाजणी. आणि भट्टी भरल्याशिवाय कुंभार ती पेटवत नाही. सगळं मिळून महिना सहज जातो. शिवाय माती वाळताना आणि भाजताना साधारण दहा-बारा टक्के आटते, त्यामुळे ‘अगदी एवढ्याच उंचीचा’ असा हट्ट धरू नका. थंड पद्धतीनं, म्हणजे न शिजवता, केलेला साबणही चार ते सहा आठवडे मुरवावा लागतो. ‘परवापर्यंत करून द्या’ म्हणालात, तर कच्चा साबण किंवा स्पष्ट नकार, यांपैकी एक मिळेल.

पुस्तक मागवायचं असेल तर नावावर भिस्त ठेवू नका. एकाच नावाच्या चार आवृत्त्या असतात. मागच्या बाजूचा तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे त्या आवृत्तीचा ओळख क्रमांक, द्या. बांधणी बदलली की तो आकडाही बदलतो, त्यामुळे चुकीची प्रत यायचा धोका बराच कमी होतो. कपड्यांसाठी ‘मध्यम’ हे माप नव्हे. त्या व्यक्तीला नीट बसणारा शर्ट सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. अंगठीसाठी जुन्या अंगठीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये न्या. नाव कोरलेला माल सहसा परत घेतला जात नाही, तेव्हा शुद्धलेखन कागदावर लिहूनच द्या.

विजेच्या वस्तूंचं गणित उलटं. त्यांची वॉरंटी बहुधा बिलाच्या तारखेपासून मोजतात. दोन महिने आधी घेऊन कपाटात ठेवलीत तर तेवढी वाया. वस्तू राखून ठेवायला सांगा, बिल सणाच्या जवळ करा आणि दुकानातच चालू करून बघा. तपासणी इथे करून घेऊन खरेदी मात्र ऑनलाइन करणं, हे आमच्या मते सरळ फुकटेपण आहे.

घासाघीस? एका नगावर करू नका, दहा नग घेताना बिनधास्त विचारा. आणि किमतीची तुलना करताना पोचवण्याचा खर्च, वेष्टन आणि बदलून घ्यायची खटपट दोन्ही बाजूंना धरा. तरीही फरक मोठा असेल, वस्तू कारखान्यातून एकसारखी येणारी असेल, तर खुशाल दुसरीकडे घ्या. कोणाला न आवडणारी वस्तू दयेपोटी घेण्यापेक्षा ते बरं.

उशीर झालाच असेल तर दुकानाचं गिफ्ट व्हाउचर घ्या: पैसे दुकानाला लगेच मिळतात, माल नंतर जातो. मुदत मात्र वाचा, आणि व्हाउचर मिळालेल्याला सण संपल्यावरच्या शांत दिवसांत जायला सांगा. तेव्हा दुकानदाराला दाखवायला वेळ असतो, आणि ते पडून राहिलेले चार नगही समोर असतात.