तिळावरची अळी ते पतंग : दुसऱ्या हंगामाची नोंद

यंदा भाद्रपदात औसा तालुक्यातील आमच्या शेतात तिळावर पाठीवर कवटीसारखी खूण असलेल्या पतंगाच्या चार अळ्या सापडल्या आणि त्या मी घरी वाढवायला घेतल्या. बोटाएवढ्या जाड, पिवळसर हिरव्या, अंगावर तिरपे पट्टे आणि शेपटाकडे दाणेदार, खरखरीत शिंग, असे त्यांचे रूप होते. गेल्या हंगामात कोषांसाठी नुसती काळी माती वापरली होती. ती वाळून भेगाळली आणि दोन्ही कोष दगावले. या वेळी मातीत निम्मी वाळू मिसळून हलका ओलावा टिकवला आणि तीन कोष सुखरूप राहिले.

पहिला पतंग १९ व्या रात्री बाहेर आला. चुरगळलेले ओले पंख घेऊन तो डब्यात टांगलेल्या पोत्याच्या तुकड्यावर चढला आणि पंख पुरते ताणले जाईपर्यंत तिथेच लटकून राहिला. पहाटे बोट लागताच तो ‘ची ची’ ओरडला. हा आवाज पंख घासून येत नाही; घशात ओढलेली हवा आखूड, जाड सोंडेतून बाहेर पडताना तो उमटतो. हीच सोंड पोळ्यात खुपसून हा पतंग मध पितो.

पाठीवरची ही कवटीची खूण पाहून ओळख पक्की करण्याची घाई करू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे, कारण स्फिंजिडी कुलातील अकेरॉन्शिया वंशाच्या तिन्ही जातींच्या पाठीवर ती असते. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये नोंदवलेली ॲट्रोपॉस ही जात युरोप-आफ्रिकेकडची. आपल्याकडे प्रश्न उरतो तो लॅकेसिस आणि स्टिक्स यांचा. लॅकेसिस आकाराने मोठी असते, तिच्या मागच्या पंखाचे मूळ काळे असते आणि पोटाखालीही काळे पट्टे असतात. माझ्या पतंगाचे मागचे पंख मुळापासून पिवळे असून त्यांवर दोन गडद पट्टे आहेत, पोटाची खालची बाजू स्वच्छ पिवळी आहे आणि पुढच्या पंखाखाली दोन आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. म्हणजे ही कीटकशास्त्रज्ञ वेस्टवुडने नोंदवलेली स्टिक्स. ग्रीक पुराणात ॲट्रोपॉस आणि लॅकेसिस या नियतीच्या देवता आहेत, तर स्टिक्स ही मृतांच्या लोकातील नदी.

गेल्या वर्षी देवळाच्या दिव्याखाली टिपलेल्या पतंगाला मी केवळ आकारावरून लॅकेसिस म्हटले होते. ते छायाचित्र पुन्हा काढून पाहिले, तर उघड्या पडलेल्या मागच्या पंखाचे मूळ पिवळेच आहे; ती नोंद आज वहीत दुरुस्त केली. पतंग संध्याकाळी तिळाच्या बांधावर सोडला. दोन कोष अजून मातीत आहेत.