एक नग, जुने फर्निचर

लिलाव म्हटलं की नाशिकच्या माणसाला कांदा आठवतो. लासलगावला, पिंपळगावला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतोय, कुणी मूठभर कांदे उचलून पाहतोय, कुणी भराभर आकडे पुकारतोय. या पद्धतीत एक मोठा शहाणपणा आहे, तो मला गेल्या श्रावणात कळला. तिथे माल आधी दारात येतो आणि बोली मग लागते.

मी उलटं केलं. रात्री साडेअकराला, अंथरुणात पडल्या पडल्या, मोबाइलवरून कलकत्त्यातल्या एका लिलावात पायपेटी, म्हणजे पायाने भाता चालवून वाजवायचा ऑर्गन, घेतली. संगीत नाटकात नांदीच्याही आधी जिचा सूर भरून राहतो, ती. लहानपणी आजोबांबरोबर कालिदास कलामंदिरात गेले की मी नट-नट्या सोडून पेटी वाजवणाऱ्याच्या पावलांकडे बघत बसायचे. चेहरा शांत, हात शांत, आणि खाली पाय सायकल मारल्यासारखे चाललेले. ते पाय डोक्यात राहिले होते. म्हणून शेवटचे नऊ सेकंद उरलेले असताना कुणीतरी पाचशे वाढवले, तेव्हा मी हजार वाढवले आणि 38,000 ला पेटी माझी झाली. वर लिलाववाल्यांचा 15 टक्के प्रीमियम, त्या प्रीमियमवर 18 टक्के जीएसटी. एकूण 44,726.

सकाळी नवऱ्याने चहा ढवळत एकच प्रश्न विचारला. ‘‘अगं, पण आणायची कशी?’’

सासूबाई म्हणाल्या, ‘‘पेटी घेतलीस की हत्ती?’’

मग मी अटी वाचल्या. आपल्या वर्तमानपत्रांत बँकांच्या जप्तीच्या जाहिराती येतात, त्यात एक मंत्र असतो : ‘जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे’. इतकी वर्षं मी तो भाषांतराचा विनोद म्हणून वाचत होते. त्यातला ‘जेथे आहे’ हा भाग आता मला 1,800 किलोमीटरला पडणार होता. पेटी उत्तर कलकत्त्यातल्या एका गोदामात होती, सात दिवसांत उचलायची होती आणि आठव्या दिवसापासून तिथे भाडं सुरू होणार होतं.

पहिला फोन मोठ्या कुरिअरला. पेटीचं वजन 95 किलो. पण मोठ्या वस्तूंच्या बाबतीत खरं वजन हा तपशील गौण असतो. लाकडी क्रेटसकट लांबी 120, रुंदी 70, उंची 135 सेंटीमीटर. तिन्हींचा गुणाकार करायचा, 5000 ने भागायचं. येतात 227. म्हणजे पैसे 227 किलोंचे, आणि वरचे 132 किलो निव्वळ हवेचे. वाऱ्यावर चालणारं वाद्य आहे, हवेचे पैसे पडायचेच, अशी मी स्वतःची समजूत घातली. आकडा ऐकल्यावर समजूत निघाली. साडेअठ्ठावीस हजार. पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांनी तर एकतीस सांगितले आणि वर ‘‘मॅडम, बाकीचं घरसामान नाही का?’’ असं नाराजीने विचारलं.

तिसरा फोन संस्मरणीय. मी म्हटलं, ‘‘कलकत्त्याहून एक ऑर्गन आणायचंय.’’ पलीकडे शांतता. मग हळू आवाजात, ‘‘ताई, ते आम्ही नाही नेत. ते हॉस्पिटलवाले बघतात.’’

त्यानंतर मी कुणालाही ऑर्गन म्हणाले नाही.

रेल्वेचाही विचार झाला. गीतांजली हावड्याहून सुटते आणि नाशिकरोडला थांबते खरी, पण थांबते ती काही मिनिटं. तेवढ्यात आपली माणसं आणि पिशव्या उतरवताना होणारी धावपळ आठवली आणि पेटी एकटीच मुंबई बघून येईल अशी खात्री पटली.

शेवटी नाशिकमधल्याच द्वारका सर्कलला गेले. सर्कलच्या आसपासच्या त्या ट्रान्सपोर्टच्या गाळ्यांवरून मी आयुष्यभर ये-जा केली, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. पंख्याखाली बिल्टीबुकांची, म्हणजे मालाच्या पावतीपुस्तकांची चळत, टेबलाच्या काचेखाली देवाचे फोटो आणि कुणाकुणाची व्हिजिटिंग कार्डं. काउंटरवरच्या काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि कुरिअरवाल्यांचा आकडा ऐकून नुसते हसले.

‘‘ताई, आपला कांदा कुठं जातो? बंगालला जातो ना? मग गाडी तिथंच राहते का?’’

इतकं सोपं होतं. इथून कांदा घेऊन गेलेल्या ट्रकला परत यायचंच असतं. डिझेल जळायचंच, टोल भरायचाच, ड्रायव्हरला घर गाठायचंच. रिकामं येण्यापेक्षा मिळेल ते भाडं घेऊन येतात. फुल लोड मिळाला तर उत्तम, नाहीतर पार्ट लोड. ‘‘येताना बारदान, रिकामी पोती, भरून येतंय,’’ काका म्हणाले, ‘‘मधे तुमची पेटी बसवू.’’ हे ऐकून मला उगाच आनंद झाला. हुगळीच्या काठी रिश्र्याला 1855 साली पहिली ज्यूट गिरणी निघाली, तेव्हापासून तो सगळा पट्टा तागाचा. तिकडची पोती इकडे येतात, इकडचा कांदा त्यांत बसून तिकडे जातो, आणि हे चक्र आमच्या घरापासून तीन किलोमीटरवर फिरत असताना मी ॲपवर पिनकोड टाकत बसले होते. भाडं ठरलं 6,500.

पॅकिंगसाठी कलकत्त्यातला एक सुतार फोनवर गाठला. ‘दादा’ हा शब्द त्यांच्याकडेही चालतो आणि आपल्याकडेही, त्यामुळे नातं पहिल्या मिनिटात जुळलं. भाव जुळायला दोन दिवस लागले. इथल्या पेटी दुरुस्त करणाऱ्यांनी मला पढवून ठेवलं होतं : पायाच्या फळ्या सुतळीने करकचून बांधायच्या, नाहीतर हादऱ्यांनी भाता फाटतो, पेटी उभीच ठेवायची, आडवी अजिबात नाही. माझ्या हिंदीतून हे त्याच्या हिंदीत कितपत पोचलं देव जाणे. पण संध्याकाळी फोटो आला. फळ्या बांधलेल्या, झाकणावर कुणाची तरी जुनी फुलाफुलांची चादर, आणि क्रेटवर खडूने मोठा बाण, वर. बाणाखाली माझं नाव, एका अक्षराने चुकलेलं.

बिल्टी आली. ‘1 नग, जुने फर्निचर. ओनर्स रिस्क. टू-पे.’ म्हणजे मोडलं तर जबाबदारी माझी, आणि भाडं माल पोचल्यावर. मी काकांना म्हटलं, निदान पेटी तरी लिहायचं. ते म्हणाले, ‘‘पेटी लिहिलं की रस्त्यात प्रत्येक जण विचारणार, पेटीत काय आहे.’’ किंमत पन्नास हजारांच्या आत असल्याने ई-वे बिलाची, म्हणजे मालवाहतुकीच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, कटकट तेवढी वाचली.

पुढचे सहा दिवस आमच्या घरात हवामानाच्या बातम्या भक्तिभावाने ऐकल्या गेल्या. खडगपूर. संबलपूर. रायपूरला मुसळधार. मी ड्रायव्हरदादांना फोन करून ताडपत्रीची चौकशी करायचे आणि ते मुलीच्या सासरच्यांशी बोलावं तसे बोलायचे, ‘‘बिलकुल नीट आहे, काळजी नको.’’ नागपूर, अकोला, जळगाव, धुळे. चांदवडजवळ राहुड घाटात तीन तास वाहतूक तुंबली. इतक्या जवळ आल्यावरचे ते तीन तास सगळ्यात लांब गेले.

आडगावच्या ट्रक टर्मिनसवरून गंगापूर रोडपर्यंत मोठी गाडी येणार नव्हती, म्हणून टेम्पो ठरवला. खाली हॉर्न वाजला. सासूबाई गॅलरीतून वाकल्या आणि टाटाचा छोटा हत्ती बघून माझ्याकडे वळल्या. काही बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती.

क्रेट लिफ्टमध्ये मावेना. खालीच फोडला. चार हमाल, तिसरा मजला, प्रत्येक वळणावर ‘‘आस्ते, आस्ते, भिंत सांभाळ.’’ दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून विचारलं, ‘‘कपाट का?’’ मी हो म्हटलं. एकदाची हॉलमध्ये टेकली. हमाल जमिनीवर बसून पाणी पिऊ लागले. त्यांतल्या वयस्क मामांनी विचारलं, ‘‘ताई, हे वाजतं का?’’

खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं. सुतळी सोडली. दोन्ही पाय ठेवले, दाबले. आत कुठेतरी लाकूड कुरकुरलं, भाता भरला, आणि मी एकाही पट्टीला हात लावलेला नसताना खर्जातला एक सूर आपणहून लागला आणि थांबेचना.

‘‘चालू राह्यलं की,’’ मामा म्हणाले.

मी आणखी जोराने पाय मारले. फळ्यांच्या फटीतून धूळ आली, तागाचे धागे आले, आणि पाठोपाठ कांद्याचा एक पातळ लालसर पापुद्रा तरंगत फरशीवर आला. सासूबाईंनी तो उचलला, उजेडात धरला.

‘‘कलकत्त्याला जाऊन कांदा परत आणलास होय?’’