शेततळ्यातली खोकड

मार्चचा शेवटचा आठवडा होता. सकाळी साडेसातला वनरक्षकांचा फोन आला. "मॅडम, शेततळ्यात कोल्हा पडलाय. काढलाय वर, पण मान टाकलीय त्यानं."

इंदापूर तालुक्यात माळाकडेला गेल्या काही वर्षांत शेततळी खूप झाली आहेत. तळाला आणि चारी बाजूंना काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. पाणी टिकतं, डाळिंब जगतं. पण त्या कागदावर नखं रुतत नाहीत. रात्री पाणी प्यायला उतरलेलं जनावर घसरलं की पोहून पोहून दमतं आणि बुडतं. ससा, लांडगा, तरस, मोर, सगळं मी त्यातून काढलेलं पाहिलं आहे. बहुतेक वेळा मेलेलंच.

पोचले तेव्हा आबांनी, म्हणजे शेताच्या मालकांनी, तिला खताच्या रिकाम्या गोणीवर उन्हात ठेवलं होतं. कोल्हा नव्हता तो. अंगानं मांजरापेक्षा थोडी मोठी, पाय काटकुळे, झुपकेदार शेपटीचं टोक काळंभोर. खोकड. आपल्याकडे दोघांनाही सरसकट कोल्हा म्हणतात, पण खोकड अंगानं त्याच्यापेक्षा फारच लहान. ही भरली १ किलो ९०० ग्रॅम.

"मोटारीच्या पाइपावर दोन पाय टाकून लोंबकळत व्हती बगा," आबा म्हणाले. "नाक तेवढं वर. रातभर तशीच असंल."

पोट चाचपलं तर सड ओले. भोवतीचे केस झडलेले, दाबल्यावर दूध आलं. म्हणजे जवळपास कुठंतरी बीळ होतं आणि त्यात डोळे नुकते उघडलेली किंवा तेही न उघडलेली पिल्लं होती. तिथून पुढचा सगळा दिवस माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

तिला दवाखान्यात आणलं. ताप मोजला, ९५ अंश फॅरनहाइट. १०१-१०२ असायला हवा. रक्तातली साखर ४८. भूल द्यायचा प्रश्नच नव्हता, अशा गारठलेल्या जिवाला भूल म्हणजे शेवटच. तोंडाला गॉजची पट्टी बांधली, डोळ्यांवर फडकं टाकलं, गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही बाजूंना लावल्या आणि कोमट सलाइन, डेक्स्ट्रोज सुरू केलं. कानात आणि पायांच्या बोटांमध्ये गोचीड होते. माझ्याकडे इंटर्नशिपला आलेल्या मुलीनं चिमट्यानं एकेक मोजून काढले. अकरा.

गोचीड दिसले म्हणजे रक्त बघायचंच. कानाच्या टोकाला सुई टोचली. पहिला थेंब काचपट्टीवर तसाच ओला पाहिला, सर्रा, म्हणजे गुरांना होणारा रक्तातल्या जंतूचा आजार, आहे का म्हणून. सर्राचा जंतू जिवंत असताना तांबड्या पेशींमधून सळसळत जातो, त्याला शोधावं लागत नाही, आजूबाजूच्या पेशीच हलताना दिसतात. गुराढोरांच्या गावात हे न बघून चालत नाही. माणसाला तो सहसा बाधत नाही, पण २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच जंतू सापडला होता. माणसाला त्यापासून वाचवणारं रक्तातलं एक प्रथिनच त्याच्यात नव्हतं, असं नंतर कळलं. तेव्हापासून मी हा ओला थेंब कधी चुकवत नाही. तिच्या थेंबात काही हललं नाही.

दुसऱ्या थेंबाचा पातळ लेप केला, हवेत हलवून वाळवला आणि लिशमन रंगात बुडवला. मुलगी सूक्ष्मदर्शकावर बसली. पाच मिनिटांत तिचा आवाज आला, "मॅडम, या लवकर. हेपॅटोझून!"

हेपॅटोझून म्हणजे गोचिडांमुळे होणारा, पांढऱ्या पेशींत राहणारा जंतू. मी डोळा लावला. पांढरी पेशी, तिचं जांभळं केंद्रक एका कडेला रेटलेलं आणि मधोमध भिजवलेल्या तांदळाच्या दाण्यासारखा फिकट निळा लांबट ठिपका. एकदा पाहिला की विसरत नाही असा. याचं पहिलं वर्णनही आपल्याच देशातलं, १९०५ साली जेम्स नावाच्या डॉक्टरांनी कुत्र्यांच्या रक्तात पाहून केलेलं. त्यानंतर पाच वर्षांनी पॅटन नावाच्या संशोधकानं मद्रासमध्ये शिकारी कुत्र्यांच्या आणि कोल्ह्याच्या रक्तात बबेसियाची, म्हणजे तांबड्या पेशींत राहणाऱ्या जंतूची, एक बारीक जात शोधली, जिला आज बबेसिया गिब्सोनी म्हणतात. कुत्रा, कोल्हा, खोकड आणि गोचीड यांचा हा संसार असा जुना आहे.

मुलगी तोवर औषधाच्या कपाटापाशी पोचली होती. "इमिडोकार्ब काढू?"

"थांब," मी म्हणाले. "आधी शंभर न्यूट्रोफिल, त्या पांढऱ्या पेशी, मोज, किती जणींत जंतू आहे ते बघ. मग तांबड्या पेशी बघ."

ती जराशी हिरमुसली. मला तिचं समजत होतं. तिच्या वयाची असताना मी थांबले नव्हते.

तेव्हा मी वन्यप्राण्यांच्या एका बचाव केंद्रात नवीन होते. रस्त्याकडेला सापडलेला एक कोल्हा आला, लडखडणारा, डोळ्यांत चिपडं. रक्तात हाच तांदळाचा दाणा दिसला आणि मला आजार सापडला असं वाटलं. इंजेक्शन दिलं. चौदा दिवसांनी दुसरं द्यायचं म्हणून त्याला पिंजऱ्यात ठेवलं. दुसरं द्यायची वेळच आली नाही. अकराव्या दिवशी त्याला झटके सुरू झाले आणि रात्री तो गेला. शवविच्छेदनात डिस्टेंपर निघाला, कुत्र्या-कोल्ह्यांत झपाट्यानं पसरणारा विषाणूचा आजार. ते अकरा दिवस शेजारच्या पिंजऱ्यांत इतर प्राणी होते. मी जंतू पाहिला होता, जनावर पाहिलं नव्हतं. कोल्ह्याच्या पावलांची कातडी जाड झाली होती, ही डिस्टेंपरची खूण मी हात लावूनही सोडून दिली होती.

या रक्तातल्या जंतूंचं हेच अवघड आहे. युरोपात तांबड्या खोकडांच्या रक्तात हेपॅटोझून सर्रास सापडतो आणि त्यातली बरीचशी जनावरं धडधाकट असतात. जंतू पडून राहतो. प्रतिकारशक्ती ढासळली की तोच डोकं वर काढतो. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरमध्ये तीन आठवड्यांत २३ सिंह गेले. काहींमध्ये गोचिडातून येणारा बबेसिया निघाला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं नमुन्यांत डिस्टेंपरचा विषाणू दाखवला. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत १९९४ साली हेच झालं होतं. एरवी सिंह ज्या बबेसियाला सहज पचवत होते, तो विषाणूच्या जोडीनं आला आणि सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. म्हणून काचेवर जंतू दिसला की मी आधी विचारते, याच्या जोडीला आणखी कोण आहे?

मुलीची मोजणी झाली. शंभरात तीन पेशींत जंतू. तांबड्या पेशींत बबेसियाची कडी नाही, लेपाच्या कडेकडेनं पुन्हा पाहिलं तरी नाही. हिरड्या आता गुलाबी होत होत्या, कावीळ नव्हती. पावलं मऊ. डोळे, नाक स्वच्छ. डिस्टेंपरच्या किटवर एकच रेघ आली, म्हणजे तो नाही. नुसत्या किटवर मी विसंबले नसते, पण समोरचं जनावरही तेच सांगत होतं. रात्रभर पोहून गारठलेली, उपाशी, पिल्लांना पाजणारी आई. आजार म्हणावा तर एवढाच.

"पण जंतू तर आहे ना," मुलगी म्हणाली. "पिल्लांना होईल."

प्रश्न बरोबर होता. हेपॅटोझून गोचीड चावल्यानं होत नाही, गोचीड गिळल्यानं होतो. जंतू गोचिडाच्या पोटात वाढतो आणि अंग चावून साफ करताना कुत्र्या-कोल्ह्यांनी तो गोचीड खाल्ला की आतड्यातून पुढे हाडांच्या मगजापर्यंत जातो. शिवाय कुत्र्यांमध्ये तो आईच्या पोटातच पिल्लांना झाल्याचंही दिसलं आहे. म्हणजे पिल्लांत जायचा असेल तर तो कदाचित आधीच गेला होता. आईला दोन आठवडे कोंडून पिल्लांचं काय भलं होणार होतं? इमिडोकार्बनं लाळ गळते, उलट्या होतात, टोचलेली जागा ठणकते. औषध चांगलं आहे, मी आजारी कुत्र्यांना देतेच. पण शंभरात तीन पेशींसाठी बिळातली पिल्लं उपाशी मारायची हे मला पटेना. गोचिडांचा फवाराही मारला नाही, पिल्लं तिचं अंग चाटणार होती.

मी वनपालांना फोन करून सांगितलं, आज संध्याकाळीच सोडायची. ते जरा घुटमळले. "रिपोर्टमध्ये परजीवी पॉझिटिव्ह लिहिणार, आणि उपचार न करता सोडणार?" मी म्हटलं, हो, दोन्ही लिहीन, आणि का ते पण लिहीन. ते तयार झाले. नंतर पानभर लिहिलं मी, आणि काचपट्टीवर तारीख घालून ती जपून ठेवली. पुढे त्याच माळावर खोकडं मरू लागली तर आधी काय होतं हे कुणाला तरी ठाऊक असायला हवं.

दुपारी दोनला तिनं टॉवेलातून मान काढून माझ्या हातमोज्याला दात लावले. मला फार बरं वाटलं. ताप १०१ झाला होता. कोंबडीचे तुकडे अंधाऱ्या खोक्यात ठेवले, दार लावलं, अर्ध्या तासानं बघितलं तर संपले होते.

तोवर वनरक्षक आणि आबांचा नातू बीळ शोधून आले होते. शेततळ्यापासून चारेकशे पावलांवर, बोरीच्या झुडपाखाली, तोंडाशी ताजी माती आणि उंदराची शेपूट. जवळ न जाता परत आले, हे त्यांनी शहाणपणाचं केलं. आबांनी तेवढ्यात जुन्या टायरांना नारळाचा दोर बांधून तळ्याच्या दोन बाजूंना शिड्या सोडल्या होत्या. मी त्यांना काहीच सुचवलं नव्हतं. "उद्या दुसरं कोन पडंल," एवढंच म्हणाले.

सात वाजता खोका बांधावर ठेवला. सगळे पन्नासेक पावलं मागं गेलो, मुलीनं दोरीनं दार वर ओढलं. ती लगेच आली नाही. मग एकदम बाणासारखी सुटली, बोरीच्या रोखानं. वाटेतल्या उंचवट्यावर थांबली आणि अंग झटकलं. मी दुर्बिणीतून बघत होते. तिथंच बसून तिनं उजवा पुढचा पंजा तोंडाशी नेला, बोटं फाकवली आणि पुढच्या बारीक दातांनी मधली जागा टोकरू लागली, दुपारी आम्ही गोचीड काढले होते तीच. मग उठली आणि झुडपाआड गेली.