जिन्यातलं रँडमायझेशन

आज दुपारी आमच्या क्लिनिकल ट्रायलच्या (रुग्णांवरच्या उपचार-चाचणीच्या) निकषांत एक पेशंट बसला, त्याच्या मुलाने संमतीपत्रावर सही केली आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं. मग मी मोबाईलचं हॉटस्पॉट लावून लॅपटॉपसकट जिन्यात! तिथे दोन काड्या रेंज येते. माहिती भरली, बटण दाबलं, अन् पेशंट कुठल्या उपचाराच्या गटात ते सर्व्हरने चिठ्ठी काढल्यासारखं सांगितलं. हेच रँडमायझेशन.

सर म्हणाले, "आमच्या वेळी गटाची चिठ्ठी घातलेली बंद पाकिटं असायची." हो, आणि ती उजेडासमोर धरून आत काय आहे ते बघणारे डॉक्टरही असायचे! आवडता पेशंट हव्या त्या गटात गेला की ट्रायलचा निकालच वाकडा. म्हणून ही निवड इस्पितळाबाहेर, केंद्रीय यंत्रणेकडे हवी.

ब्रिटनची 'रिकव्हरी' ट्रायल आठवा. मार्च 2020 मध्ये सुरू झाली. पावणेदोनशेच्या वर रुग्णालयं, गटवाटप वेबवरून, आणि ऐन साथीत दमलेल्या डॉक्टरलाही भरता येईल इतका आटोपशीर फॉर्म. 16 जूनला उत्तर हातात: व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांमधले मृत्यू डेक्सामेथासोनने साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. स्वस्त, जुनं औषध!

आमचा फॉर्म मात्र कितीतरी पानी. (कोणी बनवलाय, देव जाणे.)

संध्याकाळी ट्रायलची माहिती तपासणाऱ्या डेटा सेंटरची क्वेरी (शंका) आली: "वजन 7.2 किलो, खात्री करा." पेशंट साठीचा आहे. टिंब माझंच, जिन्यातलं. कारण लिहून दुरुस्त केलं. जुना आकडा माझ्या नावासकट, वेळेसकट तिथे कायमचा राहणार.