'माझी शाळा, सुंदर शाळा' अभियान: आमच्या जिल्हा परिषद शाळेचा अनुभव

बऱ्याच जणांनी विचारलं की या अभियानासाठी तुम्ही पुराव्यांची फाईल कशी केली, म्हणून लिहितेय. मी पहिली ते सातवीच्या जि.प. शाळेत शिकवते, आम्ही चारच शिक्षक. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' ही राज्य सरकारची शाळांसाठीची स्पर्धा, तिचा पहिला टप्पा 1 जानेवारी ते 15 फेब्रुवारी 2024 असा होता, आणि पत्र आलं तेव्हा आमचे सर आधी हेच म्हणाले की मॅडम, आता परत फोटो!

एकूण 100 गुण. त्यातले 60 विद्यार्थी केंद्रित उपक्रमांना आणि 40 शाळा व्यवस्थापनाच्या उपक्रमांना. सगळ्यांची धाव रंगरंगोटीकडे असते, आमचीही होतीच, लोकसहभागातून दोन भिंती रंगवल्या, परसबाग तर आधीपासून होती. पण यादीत 'निर्णय प्रक्रियेत विद्यार्थ्यांचा सहभाग' असाही एक मुद्दा होता आणि तो बहुतेक शाळा मंत्रिमंडळाचा एक ग्रुप फोटो टाकून संपवतात. मला तिथेच खरं काम दिसलं.

आमच्याकडे मंत्रिमंडळाची निवडणूक रीतसर होते, उमेदवारी अर्ज, प्रचार, मोबाईलवर मतदान यंत्राचं अॅप, बोटाला मार्करची शाई. पण निवडून आल्यावर मंत्री काय करतात? परिपाठाला पुढे उभे राहतात, बस. मग आम्ही मुलांनाच विचारलं की गावातलं तुम्हाला काय खटकतं, तर शाळेच्या वाटेवरचा सार्वजनिक नळ निघाला, कायम गळका. सहावीच्या पोरांनी त्याखाली 10 लिटरची बादली ठेवली, मोबाईलवर वेळ लावला, बादली भरायला 20 मिनिटं. म्हणजे तासाला 30 लिटर, दिवसाला 720. गणिताचा तास त्या दिवशी नळापाशीच झाला 😄

ग्रामसभेचा धडा सहावीच्या नागरिकशास्त्रात आहेच, म्हणून मुलांनी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वाचायचं ठरवलं. तिथे एका काकांनी आडवं लावलं की ग्रामसभेत बोलायला मतदार असावं लागतं, ही तर लहान लेकरं. नियमाने ते बरोबरच होते, मतदार यादीत नाव असेल तोच ग्रामसभेचा सदस्य. मग एका मुलीच्या आईने उठून अर्ज स्वतः वाचला आणि 720 लिटर ऐकल्यावर सभेत जरा चुळबुळ झाली. पुढच्या आठवड्यात नळाची तोटी बदलली.

आता फाईलचं. गळक्या नळाचा फोटो अभियानाच्या साइटवर टाकला तर बघणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही, आणि साइट संध्याकाळी इतकी हळू चालायची की आम्ही पहाटे उठून अपलोड केलं. उपयोगी पडली ती ग्रामपंचायतीचा आवक शिक्का असलेली अर्जाची पोच, मुलांच्या हातची आकडेमोड आणि मंत्रिमंडळाच्या बैठकांचं इतिवृत्त. मी तर सांगेन इतिवृत्त मुलांनाच लिहू द्या, शुद्धलेखन सुधारत बसू नका, तपासायला येणाऱ्या समितीला मुलांचं अक्षर लगेच ओळखू येतं.

समिती आली तेव्हा साहेबांनी शिक्षकांना बाजूला ठेवून थेट पोरांनाच विचारलं. आमच्या पोषण आहार मंत्र्याने चव रजिस्टर (रोजच्या जेवणाची चव नोंदवायची वही) उघडून दाखवलं, वर 'मंगळवारी मीठ जास्त होतं' असंही सांगून टाकलं, स्वयंपाकाच्या मावशी तिथेच उभ्या होत्या, काय बोलणार! ग्रामसभेत काय झालं ते आमच्या मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री असलेल्या सातवीतल्या मुलीने सांगितलं, काकांच्या हरकतीसकट.

तालुक्यात तिसरा नंबर आला, बक्षीस 1 लाख रुपये. जिल्ह्याला काही गेलो नाही, तिथे मोठ्या इमारतींच्या शाळांपुढे आमचं काय चालणार, हे माझं मत, कुणाला पटो न पटो. दुसऱ्या टप्प्यात गुण 150 झाले आणि त्यात पायाभूत सुविधांना 33 च, हे मला जास्त बरं वाटलं.

पैसे कशाला वापरायचे यावरून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत गेट की हात धुवायची जागा असा वाद झाला. मुलींनी इतिवृत्ताची वही पुढे केली, त्यात हात धुवायच्या जागेचा ठराव आधीच लिहिलेला होता. गेट अजून जुनंच आहे.